सासऱ्याच्या घराचा मागचा कोपरा

पाया खोदणं चालू असताना इंजिनिअरला जेवायला वाढू नये. मी ज्या पुस्तकांवरून शिकलो त्यांत हा सल्ला नाही, आणि मी स्वतः लोकांना जे सल्ले देतो त्यांतही तो फार उशिरा आला. खोदकामाच्या दिवशी इंजिनिअर उपाशी असावा, थोडा चिडलेला असावा, आणि त्याला खड्ड्यात उतरू द्यावं. सळई किती जाडीची आणि गिट्टी किती मापाची, ते नंतर बोलता येतं.

मी डिप्लोमा झालेला सिव्हिल इंजिनिअर आहे. भंडाऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली आहे. तिथं बसून मी लोकांच्या घरांचे नकाशे काढतो, आणि मग त्यांनी नकाशाप्रमाणे न बांधलेली घरं बघायला जातो. गिऱ्हाइकाशी माझं रोज वाजतं. पाच फूट सांगितलं की तो तीन फूट खोदतो, बाराची सळई सांगितली की दहाची आणतो, आणि वर मलाच विचारतो की तुमच्या पुस्तकात आमच्या गावची माती लिहिली आहे का. या भांडणांना मी फार वैतागायचो. माझा शब्द न शब्द पाळणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकदाच मिळालं, आणि त्याचंच घर खचलं. ते गिऱ्हाईक म्हणजे माझे सासरे.

माझी सासुरवाडी सानगडीच्या पलीकडच्या एका गावात. धानाची चार एकर शेती आणि घरामागं एक बोडी, म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला राखलेलं छोटं तळं. आमच्यात जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो, सासरा जावयाला बापू म्हणतो आणि त्याच्या पाया पडतो. आपल्या बापाच्या वयाचा माणूस समोर वाकतो आणि आपल्याला ते उभ्यानं सोसावं लागतं. जावयाला काम सांगायचं नसतं, त्याच्यासमोर आवाज चढवायचा नसतो, त्याच्या ताटातलं संपू द्यायचं नसतं, आणि तो काही चुकीचं बोलला तर मान डोलवायची असते. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला मी बोलता बोलता बोडीला नदी म्हणून गेलो, तर दोन दिवस ते सगळं घर बोडीला नदी म्हणत होतं. सासूबाई तर शेजारणीलाही म्हणाल्या, नदीवर धुणं घेऊन चालली. शेजारीण बिचारी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

अशा घरानं जुनं मातीचं घर पाडून पक्कं बांधायचं ठरवलं, तेव्हा नकाशा माझ्याकडेच येणार हे उघड होतं. मलाही हौस होती. बायकोच्या माहेरी आपल्या हातचं घर उभं राहावं असं कोणत्या जावयाला वाटणार नाही.

त्या जागेची माती कन्हार. काळी, चिकट, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात फाटणारी. तिच्यावर घर ठेवायचं नसतं. ती काढून खालचा मुरूम लागेपर्यंत जायचं असतं, आणि तो किती खोल आहे हे कळायला बांधकामाच्या आधी चारही कोपऱ्यांवर एकेक खड्डा घेऊन बघावा लागतो. जागा उताराची असेल तर नक्कीच, कारण उताराच्या तोंडाशी काळी माती जास्त जाड साचलेली असते. हे मी शेकडो लोकांना सांगितलं आहे. स्वतः मात्र त्या दिवशी एकच खड्डा घेतला, तोही रस्त्याच्या बाजूला. दुसरा घ्यायला मी स्वतः कुदळ उचलली तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयाच्या हातात कुदळ दिसली तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं त्या म्हणाल्या. पहिल्या खड्ड्यात साडेचार फुटांवर मुरूम लागला होता. मी कागदावर पाच फूट लिहिलं आणि हात धुतले.

खोदकामाच्या दिवशी मी हजर होतो. हजर म्हणजे समोरच्या मांडवात. गावरान कोंबडा होता, लाखोरीच्या डाळीचे वडे होते, आणि एक वडा संपला की दुसरा पडायचा. मी तीनदा उठलो, तीनदा मला बसवलं. दुपारपर्यंत मला खोदकामाचा आवाज तेवढा ऐकू आला. मागच्या कोपऱ्यावर पाच फूट झाले तरी काळी मातीच निघत होती, हे मिस्त्रीच्या लक्षात आलं होतं. तो सांगायला मांडवाच्या दारापर्यंत आला. सासऱ्यांनी त्याला तिथंच अडवलं आणि म्हणाले, "पाच लिवलं आहे ना कागदावर? मंग पाचच. जेवून राहिले बापू, त्याहिले उठवू नोको." हा संवाद मला साडेतीन वर्षांनी कळला.

मागच्या भिंतीची गोष्ट याहून वाईट. घरामागचं अंगण बोडीकडे उतरत होतं. ते सपाट करायला सहा-सात फूट भराव घातला, आणि तो भराव बोडीत जाऊ नये म्हणून एक संरक्षक भिंत धरली. अशा भिंतीबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी पुष्कळ आहे. पहिली, माती भिंतीला बाहेर ढकलते, त्यामुळे भिंत मातीकडच्या अंगानं ताणली जाते आणि मुख्य सळई त्याच अंगाला हवी. दुसरी, मातीपेक्षा तिच्यात अडकलेलं पाणी जास्त जोर करतं, म्हणून भिंतीला पाणी जायला भोकं ठेवावीत आणि त्यांच्या मागं गिट्टी भरावी. पावसाळ्यात भोकांतून पाणी गळताना दिसलं की लोक घाबरून फोन करतात. गळत नसेल तेव्हा घाबरायचं असतं.

मी नवा नकाशा काढला नाही. आदल्या वर्षी एका रस्त्याच्या कामासाठी काढलेला होता, तोच काढला आणि मापं बदलली. त्या कामात माती उजव्या हाताला होती, इथं डाव्या. हे बदलायचं राहून गेलं. म्हणजे कागदावर माझ्या सहीनिशी असं लिहिलेलं होतं की माती बोडीच्या बाजूला आहे आणि घराची बाजू मोकळी आहे. शाळेत न गेलेल्या माणसालाही ते खोटं दिसलं असतं, कारण कागदात जिथं माती होती तिथं प्रत्यक्षात बदकं पोहत होती. मिस्त्रीनं ते पाहिलं, मजुरांनी पाहिलं, सासऱ्यांनीही पाहिलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि सळई बोडीच्या अंगाला बांधली.

भोकं मात्र बरोबर ठेवली होती, चौदा. मग पहिल्याच पावसाळ्यात मी अंगणाच्या खालच्या टोकाला हात धूत असताना एका भोकातून धामण बाहेर आली. धामण बिनविषारी असते आणि तिला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण मी दचकून तांब्या सोडला हे सासऱ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी निघाल्यावर त्यांनी स्वतः माल कालवला आणि चौदाही भोकं बुजवली. वरून रंग मारला. जावयाला पुन्हा दचकायला नको, एवढाच त्यांचा हेतू होता.

त्यानंतरची साडेतीन वर्षं मी त्या घरी सणावारी जात राहिलो आणि मला काहीही दिसलं नाही. आता आठवतं तेव्हा माझी मलाच लाज वाटते, कारण दिसण्यासारखं पुष्कळ होतं. मागच्या खोलीचं दार नेहमी उघडं असायचं आणि त्याला धानाचं पोतं लावलेलं असायचं. का, म्हणून विचारलं तर हवा येते म्हणाले. दार आता मिटतच नाही, चौकट वाकडी झाली आहे, हे कोणी बोललं नाही. त्या खोलीत एक खुर्ची होती ती कोपऱ्याकडे आपोआप घसरायची. सासरे त्या खुर्चीवर बसून माझ्याशी धानाच्या भावाबद्दल बोलायचे आणि बोलता बोलता हळूहळू माझ्यापासून दूर जायचे. मला वाटायचं, मानानं अंतर ठेवतात.

आणि कॅलेंडरं होती. मागच्या खोलीच्या भिंतीवर आधी एक होतं. मग तीन झाली. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला गेलो, तेव्हा आठ होती, आणि ती खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरप्या रांगेत, जिन्यासारखी चढत गेली होती. खताच्या दुकानाचं, किराण्याचं, भांड्यांच्या दुकानाचं, चार देवांची, एक विमा एजंटाचं. सासूबाईंची आवड असेल असं समजून मी त्यांचं कौतुकही केलं. त्या लाजल्या.

मी त्या दिवशी एका कामाची तारीख बघायला म्हणून भिंतीकडे गेलो. जे कॅलेंडर माझ्या डोळ्यांसमोर होतं ते तीन वर्षांपूर्वीचं निघालं. पुढचं दोन वर्षांपूर्वीचं. चालू साल कुठंच नव्हतं. तेव्हा मी एक उचलून मागं बघितलं. भिंतीत माझी पेन्सिल आरपार बसेल एवढी फट होती, आणि फटीतून बोडीवरचं ऊन दिसत होतं.

मी एकामागून एक आठही कॅलेंडरं उतरवली. मागं सासरे उभे होते. ते खाली बघत म्हणाले, "नवं घर आहे बापू. थोडंसं बसतेच."

बाहेर जाऊन पाहिलं तर संरक्षक भिंत बोडीकडे इतकी कलली होती की तिच्या माथ्यावर सोडलेला दोडक्याचा वेल पाण्यात लोंबत होता. बुजवलेल्या भोकांमुळे पावसाचं पाणी भरावात कोंडलं होतं, भिंतीला चुकीच्या अंगाला सळई होती, भिंत पुढं झुकली तशी मागची माती सैल झाली, आणि आधीच काळ्या मातीवर ठेवलेला घराचा कोपरा तिच्याबरोबर खाली गेला. मी सासऱ्यांना म्हणालो की हे सगळं माझ्या चुकीनं झालं. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. भिंत पहिल्यापासूनच तशी होती म्हणाले. मग म्हणाले, बोडीचा दोष आहे. मग शेजाऱ्याच्या म्हशीवर आले.

घरी येऊन बायकोला विचारलं, तुला ठाऊक होतं का. तिला ठाऊक होतं. तिच्या बापानं तिला शपथ घातली होती. मी चार दिवस तिच्याशी नीट बोललो नाही आणि पाचव्या दिवशी खोलीला कुलूप लावून काम करायला निघालो.

आधी झुकलेली भिंत काढली. भराव उतरवून नवी भिंत धरली, यावेळी सळई मातीच्या अंगाला, मागं गिट्टी, आणि भोकांना जाळी, म्हणजे धामणीला शिरायची आणि सासऱ्यांना हात घालायची सोय राहिली नाही. मग घराच्या कोपऱ्याकडे वळलो. उभ्या घराच्या पायाखाली नवा पाया घालायचा असतो तेव्हा घाई करणारा माणूस घरासकट खाली येतो. आधी छताला टेकू द्यावे. मग भिंतीच्या लांबीचे चार-चार फुटांचे तुकडे पाडून खडूनं आकडे टाकावेत आणि लागून असलेले दोन तुकडे कधीही एकाच वेळी खोदू नयेत. एक खोदला तर मधले दोन सोडून चौथा घ्यावा. प्रत्येक तुकड्यात मुरुमापर्यंत जावं, खालून काँक्रीट भरावं, जुन्या पायाच्या खाली दोन-तीन इंच जागा सोडावी, आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर त्या फटीत कोरडा, जेमतेम ओला माल ठोकून ठोकून बसवावा. पातळ माल वाळताना आकसतो आणि घर पुन्हा त्या आकसलेल्या जागेत उतरतं. आमचे नऊ तुकडे होते. सासूबाईंनी नऊ नारळ आणून ठेवले.

यावेळी मी खड्ड्यात उतरणार हे मी आधीच बजावलं होतं. त्यावर त्या घरात काय मसलत झाली कोण जाणे. मी सकाळी कामावर आलो तर पहिल्या खड्ड्याच्या तळाशी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली होती, तिच्यावर धुतलेला टॉवेल, आणि वर काठीला छत्री बांधलेली. उतरण्याआधी सासूबाईंनी मला कुंकू लावलं. चार फूट रुंद खड्ड्यात खुर्ची गेल्यावर मिस्त्रीला उभं राहायला जागा उरली नाही, म्हणून तो बाहेरून वाकून काम करू लागला. मी खुर्ची वर फेकली. सासऱ्यांनी ती झाडून पुन्हा खाली सोडली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. या लोकांना मी काहीही सांगितलं तरी ते ऐकतील का, हे मला एकदाचं बघायचं होतं. मी खड्ड्यातून ओरडून म्हणालो की सिमेंटच्या मालात पाण्याऐवजी ताक घाला. कोणीही दचकलं नाही. मिस्त्रीनं पाण्याची बादली बाजूला ठेवली. सासूबाई आत गेल्या आणि थोड्या वेळानं आतून रवीचा आवाज येऊ लागला. सासरे शेजाऱ्याकडे आणखी दही मिळतं का बघायला निघाले. मी ताबडतोब बाहेर येऊन सगळं थांबवलं, आणि सांगतो, त्या क्षणी मला हसू आलं नाही, भीती वाटली. मी उद्या म्हणालो असतो की टेकू काढा, तर त्यांनी टेकू काढले असते.

मिस्त्री साठीचा माणूस. त्याच्या हातची निम्मी घरं त्या गावात आहेत. पुढच्या आठवड्यात पहिलं काँक्रीट घट्ट झालं आणि तो फटीत माल ठोकू लागला, तेव्हा मी खड्ड्यात त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "मी तं तुया जावई नाई, तुले कायचा डर? तवा काहून नाई सांगतलं मले?"

तो ठोकतच राहिला. "मी सांगाले आलतो साहेब. तुमचे मामाजी म्हणाले, बापूचं मन मोडू नोको. मंग मी काय करू." त्यानं आणखी एक थापी माल फटीत बसवला. मग तो म्हणाला, "मन मोडू नाई म्हणून तं बुढा-बुढी मरता मरता वाचले."

"म्हणजे?"

"थे दोघं तीन साल झाले या मांगच्या खोलीत झोपत नोहोते. फट पडली तवापासून समोरच्या ओसरीत झोपतेत. साऱ्या गावाले माहीत आहे. फक्त तुमी येता ना, तवा समोरच्या खोलीत तुमाले खाट टाकतेत, अन् थे दोघं इथं झोपतेत. ओसरीत झोपले तं तुमी विचारान ना, काहून म्हणून."

मी मनात मोजायला लागलो. पोळा, दिवाळी, मंडई, संक्रांत, सासऱ्यांच्या पुतण्याचं लग्न. पावसाळ्यात एकदा माझी गाडी बंद पडली म्हणून मी तिथं सलग तीन मुक्काम केले होते, तेव्हा झड लागली होती आणि मी समोरच्या खोलीत मजेत घोरत होतो. ते घर पडणार असतं तर अशाच पावसात पडलं असतं. बाकीच्या सगळ्या दिवशी ती दोघं सुरक्षित होती. मी आलो की ती जाऊन त्या भिंतीखाली निजायची.

मला रडू आलं. खड्ड्यात, मजुरांच्या देखत. मजुरांनी अदब राखून बोडीकडे तोंडं फिरवली.

मग मी सासऱ्यांकडे गेलो. ते ओसरीत खाटेवर बसले होते. मला बघून उठायला लागले, मी त्यांना खांद्यानं दाबून बसवलं आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. म्हणालो, तुम्ही दोघं माझ्यामुळे मेला असता आणि मला वाटलं असतं की पावसानं मेलात. असं का केलंत.

ते खाटेची दोरी चाचपू लागले. म्हणाले, "तुमी इंजिनिअर आहा बापू. घर तुमी बांधलं. आमीच त्याच्यात झोपलो नाई, तं तुमच्या हातचं घर दुसरा कोण बांधन?" मग हळूच म्हणाले, "अन् पोरगी तुमच्या घरी आहे. तिच्या बापानं तुमाले चुकले म्हटलं असतं तं तिले बरं वाटलं असतं का?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तेवढीच माया आली होती. मी बाहेर गेलो आणि संध्याकाळपर्यंत मुकाट्यानं सातव्या तुकड्यात माल ठोकत बसलो. खुर्ची त्या दिवसापुरती कोणी खाली सोडली नाही.

महिनाभरात नऊही तुकडे झाले; कोपऱ्याजवळचा शेवटचा तुकडा मी अंधार पडता पडता, घाईत भरून घेतला. आता शेवटचा सल्ला, आणि हा फुकट आहे. भेग बुजवून टाकायची घाई करू नका. आधी भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं चिकटवा आणि तिच्याशेजारी तारीख लिहा. घर हललं तर काच तडकते. काच खोटं बोलत नाही आणि तिला कोणाचं मन सांभाळायचं नसतं. मी तीन पट्ट्या लावल्या, आणि सासऱ्यांना समोर बसवून सांगितलं की पावसाळा संपेपर्यंत रोज सकाळी बघायचं, तडा दिसला तर दोघांनी आधी बाहेर यायचं आणि मग मला फोन करायचा. त्यांनी मान डोलावली. त्या मानेचा मला आता काडीचा भरवसा नव्हता.

मृग लागल्यापासून मी रोज फोन करत होतो. विचारायचो, "काच?" ते म्हणायचे, "एकदम मस्त आहे बापू." मी विचारायचो, नक्की पाहिलीत? ते म्हणायचे, आता पाहून आलो. आवाजात तोच गोडवा, जो फट लपवताना असायचा. मी बायकोला फोन द्यायचो, तिलाही ते तेच सांगायचे. दोनदा मला राहवलं नाही आणि न कळवता गाडी काढून गेलो. दोन्ही वेळा काचा शाबूत होत्या. पण त्यावरून ते खरं बोलतात हे सिद्ध होत नव्हतं. तेवढे दिवस काच फुटली नव्हती, एवढंच. फुटली तर ते बोलतील का, हे मला त्या घराच्या पायापेक्षा जास्त खात होतं. पाया मी परत खोदू शकलो असतो.

श्रावणात चार दिवस झड लागली. वैनगंगेला पूर, शहापूरकडच्या शेतांत पाणी, माझं ऑफिस बंद. पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा सासऱ्यांचा फोन आला. त्यांनी आपण होऊन मला कधी फोन केला नव्हता. जावयाला त्रास होतो म्हणून ते नेहमी लेकीला करायचे.

मी उचलला. पलीकडून पावसाचा आवाज येत होता, ते घरात नव्हते हे कळत होतं. नमस्कार वगैरे काही झालं नाही.

"मधली काच तडकली," ते म्हणाले. "आडवा तडा आहे. कोपरा अजून जाऊन राहिला वाटते. आमी दोघंई बाहीर निंगालो, गोठ्यात आहो."  श्वास घेतल्याचा आवाज आला. "बापू, कोपऱ्याजवळचा तुकडा तुमचा चुकला. मुरूम लागला नोहोता तिथं. मी तवाच पाहलं होतं. बोललो नाई. आता बोलून राहिलो."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. बायको समोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. 

"ऐकू येऊन राहिलं का बापू?" ते विचारत होते.

"मामाजी," मी म्हणालो, "अजून एकदा सांगा."

त्यांना वाटलं पावसानं आवाज तुटतोय. त्यांनी आवाज चढवला आणि एकेक शब्द सुटा करून, मला नीट कळावं म्हणून, पुन्हा सांगितलं की तुमचं चुकलं, आणि आम्ही दोघं बाहेर आहोत.